पाण्याकडचा हुंकार

दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं कुणी शाळेच्या वर्गात मुलांसमोर बोलू लागलं, तर तुम्ही गप्प बसाल का?

मी बसले नाही. त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

राखीपौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौकातून बस पकडली. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका छोट्या शाळेत दर शनिवारी गोष्टींचा तास होतो, असं कळलं होतं. आमच्या मासिकासाठी त्याच्यावर लिहायचं होतं. पिरंगुटपर्यंत ट्रक, चिखल आणि हॉर्न. पौड मागे पडलं आणि धुकं इतकं दाटलं, की ड्रायव्हरने दिवे लावले. त्या दिव्यांत अधूनमधून फक्त पाट्या उजळत: तळ्याकाठी निवांत सुट्टी, तळ्याकाठी बंगला, तळ्याकाठी लग्न. मी चळवळींची पत्रकं वाचत वाढले आहे, धरणग्रस्तांची आणि अंधश्रद्धेविरुद्धचीही. माझं डोकं तापलं. या तळ्याखाली गावं आहेत. नांगरलेली शेतं, देवळं, चुली आहेत. त्यांची एकही पाटी नाही.

फाट्यावर उतरले तेव्हा समोर रस्ता होता की पाणी, ते कळेना. भाताच्या बांधावरून चालताना डावी चप्पल चिखलात रुतली ती निघेचना. शेवटी एका हातात छत्री आणि एका हातात चप्पल घेऊन मी शाळेत पोचले.

शिंदे बाईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षिकेने, पाय धुवायला पाणी दिलं आणि आपला डबा माझ्यापुढे उघडला. तांदळाची भाकरी आणि कुर्डूची भाजी (पावसाळ्यात माळावर उगवणारी रानभाजी). दोन घास खाल्ले तोच एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. नवा झगा, डोक्याला चपचपीत तेल, काखेत कापडी पिशवी.

"चंदा, पिशवी आत ठेव की," बाई म्हणाल्या.

"न्हाई. आज मामा न्यायला येणार हाय."

चंदा तिसरीतली. तिच्या आजोळचा धनगरवाडा तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिचा धोंडूमामा मेंढरं आईवर सोपवून काठाकाठाने चालत येणार होता आणि शाळा सुटली की तिला घेऊन जाणार होता. ते तिने मला तीनदा सांगितलं. पिशवीत आजीसाठी बांगड्या होत्या, त्याही दाखवल्या.

गोष्ट सांगणारे हमीदचाचा दहाला आले. पौडचे. हयातभर सायकलवरून या खोऱ्यातल्या गावोगावी बांगड्या विकल्या, आणि माल देता देता गोष्टी गोळा केल्या. आता गुडघे गेले म्हणून सायकल सुटली. त्यांनी प्लॅस्टिकची खोळ खुंटीला लावली, खुर्ची नाकारली आणि पोरांमध्ये फरशीवर बसले. वीज नव्हती. खिडकीतून धुकं आत येत होतं आणि मागच्या रांगेतली मुलं पुसट झाली होती.

"हं, बोला," चाचा पहिल्या पोराला म्हणाले. "मामा कुटं हाय?"

"जांबे गावात. खोलीवर झोपला आसंल. रातपाळी आसती त्याला."

"झोपलेला मामा लई बेस. तुझा गं?"

"मला मामाच न्हाई. चार मावश्या हायेत."

"चार मावश्यांवर एक मामा माफ. तुझा रं?"

"मुंबईला."

वर्ग हसत होता. मी मात्र हसले नाही. "हे कशासाठी?" मी विचारलं.

"दिसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, ताई. म्हनून इचारून घ्यायचं."

मी उभी राहिले. मुलांच्या मनात भीती पेरणं हा गुन्हा आहे, शाळा त्यासाठी नाही, गोष्ट सांगा पण ही अंधश्रद्धा नको, असं बरंच बोलले. चांगलं बोलले, असं तेव्हा वाटलं. शिंदे बाई खाली पाहू लागल्या. या तासाबद्दल छापून आलं तर तो टिकेल, अशी त्यांना आशा होती, आणि छापणारी मी होते. चंदाने हात वर केला होता. मी तिला म्हटलं, "खाली कर बाळ, आता गोष्ट सुरू होते आहे."

चाचांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "पाव्हनीचा मान," ते म्हणाले. "हुंकार द्या रं."

आणि त्यांनी गोष्ट सांगितली. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा एका बाईचा भाऊ तिचा संसार हलवायला बैलगाडी आणायला गेला. धुकं पडलं. भावाला वाट सापडावी म्हणून बाई जात्यावर बसली आणि दळत राहिली. आवाजाच्या रोखाने तो येईल म्हणून ती उठली नाही. पाणी उंबऱ्याला लागलं. ती दळत होती. पाणी खुंट्याला लागलं. ती दळत होती.

चाचा तळहात फरशीवर गोल फिरवत होते, घर्र, घर्र. प्रत्येक वाक्यामागे मुलं मिटल्या तोंडाने हुंकार भरत होती. सुरुवातीला तो वीस मुलांचा वीस तऱ्हांचा हुंकार होता. मग तो एक झाला, खालच्या पट्टीतला, लांबलचक, आणि कुणाच्या गळ्यातून येतोय ते सांगता येईना. एकदा चाचा थांबले, मुलं थांबली, आणि हुंकार खिडकीबाहेरून, पाण्यावरून आला. प्रतिध्वनी, मी वहीत लिहिलं. समोर डोंगर आहे.

"भाऊ आला?" कुणीतरी विचारलं.

"अजून याचाय," चाचा म्हणाले. गोष्ट तिथे संपली.

साडेअकराला शाळा सुटली. मुलं गेली. चंदा पायरीवर बसून राहिली. बारा वाजले. धुक्याने समोरचा आंबाही गिळला. साडेबारा झाले. चंदाने पिशवी काखेतून काढून मांडीवर घेतली होती. शिंदे बाईंनी फोन लावला. मामाच्या फोनला रेंज नव्हती. वाड्यावरची आजी म्हणाली, तो नवालाच निघाला.

"काठानं येनार हुता?" चाचांनी चंदाला विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "मला का न्हाई सांगितलंस, बाय?"

चंदाने माझ्याकडे बोट दाखवलं.

चाचा उठले. शाळेची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. "कुनी हाका मारू नगा," ते म्हणाले. "धुक्यात हाक चारी बाजूनी येती." त्यांनी लोखंडी दांडा घेतला आणि एकसारखे, सावकाश ठोके देऊ लागले. प्रत्येक ठोक्यानंतर थांबून ऐकायचे. मीही ऐकत होते. भातात पाणी वाजत होतं, बाकी काही नाही. त्यांचा हात भरून आला तेव्हा दांडा मी घेतला. आयुष्यात मी इतक्या मनापासून काही वाजवलं नसेल.

एक वाजून गेल्यावर धुक्यातून एक माणूस आला. घोंगडी गळत होती आणि तो छातीपर्यंत भिजलेला होता. चंदा धावली, त्याच्या ओल्या कमरेला मिठी मारून रडली आणि मग त्याला पोटात गुद्दे मारू लागली.

"कुटं हुतास रं?" चाचांनी विचारलं.

"हितंच की," धोंडूमामा म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "हुंकार आइकू आला. म्हनलं शाळा तिकडं. चालत गेलो तर पाय पान्यात. आजून म्होरं आवाज. वाटलं, पाऊलभर राहिलं आसंल. छातीला पानी लागलं तवा हा टोल वाजला मागनं."

"पण गोष्ट तर साडेअकराच्या आधीच संपली," मी म्हणाले. "हुंकार तेव्हाच थांबला."

त्याने मान हलवली. "न्हाई ताई. टोल वाजंस्तवर चालला हुता. जातं फिरल्यावानी."

त्याने गोष्ट ऐकलेली नव्हती. शिंदे बाईंनी चंदाला जवळ ओढलं. चाचांनी आपला कोरडा सदरा पिशवीतून काढून मामाला दिला.

मग चाचा मला म्हणाले, "भुताच्या भ्यानं न्हाई इचारत, पोरी. वाटंवर कोन हाय ते कळाया पायजे. धुकं हाय, पानी तुडुंब हाय. कुनाचा मामा वाटंवर आसला तर त्या दिशी मी गोष्ट सांगत न्हाई. कोडी घालतो."

"मग मला तसं सांगायचं ना, चाचा."

"तू इचारलंस कुटं? तू भाशान केलंस."

परतीच्या बसमध्ये काच पुसून पुसून मी पाण्याकडे बघत होते. तो आवाज एखाद्या पंपाचा असेल, असं मी कंडक्टरला म्हणाले. तो म्हणाला, एवढ्या पावसात पंप कोण लावतंय? मामा वाट चुकतो यावर माझा आजही विश्वास नाही. पण माझ्या विश्वास नसण्याने त्या दिवशी एक माणूस छातीपर्यंत पाण्यात उभा होता, आणि त्याची भाची पायरीवर. माझी पत्रकं खोटी नव्हती. मी त्यांच्या जोरावर प्रश्न विचारायचं सोडलं, तेवढं मात्र खरं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावात गोष्टी माहीत असणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर या महिन्यात त्यांना जवळच्या शाळेत घेऊन जा. तुम्ही स्वतः जा, निरोप धाडू नका. ते सुरुवातीला काही विचित्र विचारतील, करायला लावतील. तुम्हाला पटलं नाही तर जरूर विचारा, कशासाठी? पण विचारल्यावर खाली बसा, आणि त्यांचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.