ओल्या भोपळ्याची वीणा

वाळलेला भोपळा घासल्याचा वास आला की मिरजेतलं आमचं तंतुवाद्यांचं दुकान आठवतं. लहानपणी एकदा तिथं अब्बा तंबोऱ्याचा भोपळा घासत होते आणि मी त्यांना वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचून दाखवत होते. तिच्यात जुन्या दंतकथेतला राजपुत्र वेलीवरचा भोपळा तोडतो, एका दिवसात वीणा बनवतो आणि ती वाजवून राक्षसाला झोपवतो. अब्बांचा हात थांबला. "ओला भोपळा कुठं वाजतोय व्हय? राक्षस जागाच राहील आन् पोराला खाईल." मी रागानं पुस्तक मिटलं, ते पुन्हा उघडलंच नाही. आता मुलांसाठी तसल्या कादंबऱ्या मीच लिहिते. माझा राजपुत्र भोपळा वाळेपर्यंत वर्षभर थांबतो. संपादकबाई म्हणतात, मुलं कंटाळतील, ते वर्ष कापा. कसं कापू? पोराला खाईल ना तो राक्षस.