राजापूरची बंद घरं: शिमग्यात पाहिलेली, भाड्याने मागितलेली

आधी एक दुरुस्ती. गेल्या पावसाळ्यातल्या लेखात मी राजापूरजवळच्या एका वाडीबद्दल लिहिलं होतं की तिथली निम्म्याहून जास्त घरं रिकामी आहेत. ते चूक आहे. मी लावणीच्या दिवसांत, भर दुपारी, रस्त्यावरून दिसलेली कुलपं मोजली होती. माणसं शेतात होती. काही घरांत तर पुढच्या दाराला कायम कुलूप असतं आणि सगळा वावर मागच्या दाराने चालतो, हे मला माहीत नव्हतं. त्या लेखाखाली सायली नावाच्या वाचक मुलीने लिहिलं, "फोटोतलं तिसरं घर आमचं आहे. आई शेतात होती. चूल पेटलेली होती." मी तिला लगेच क्षमा मागणारं उत्तर पाठवलं. त्यावर ती म्हणाली, "शिमग्याला या. तेव्हा सगळी घरं उघडी असतात, नीट बघता येईल."

म्हणून मी गेले. पण फक्त त्यासाठी गेले असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं होणार नाही. पुण्यात आई आणि मी ज्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, तो मालकांना मुलाच्या लग्नासाठी हवा आहे. एप्रिल संपायच्या आत आम्हाला दुसरं घर शोधायचं आहे. माझं काम शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं, ते कुठूनही करता येतं. आई म्हणाली, "मग पुण्यातच का?" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. कराड, मलकापूर आणि मग आंबा घाट. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा प्रवास खिशाला जड जात नाही, पण दिवस पूर्ण जातो. डावीकडची खिडकी मिळाली तर घ्या आणि घाटाआधी पोट हलकं ठेवा. मी ठेवलं नाही. घाट संपून हातखंबा येईपर्यंत मी कुणाशी बोलायच्या अवस्थेत नव्हते.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ साधी लॉजची खोली घेतली. खोली आधी बघून घ्या, बाथरूमच्या दाराची कडी लागते का तेही तपासा. रात्रीच्या जेवणाला ओल्या काजूगरांची उसळ आणि सोलकढी. मार्चमध्ये जाणार असाल तर थाळीत मासे असोत वा नसोत, ही उसळ मागाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका एजंटने मला नव्या इमारतीतले फ्लॅट दाखवले. तिथे भाड्याच्या पाट्या जागोजागी होत्या. एजंट तरुण आणि बोलका होता.

"कोण कोण राहणार? मिस्टर काय करतात?"

"मी आणि आई."

"म्हणजे बॅचलर."

"आई बॅचलर कशी असेल?"

"मालकाला विचारतो," तो म्हणाला आणि जरा हसला. "तुम्हाला म्हणून सांगतो मॅडम, हे सगळे मुंबईवाल्यांचे फ्लॅट. देतील भाड्याने. पण मे महिना सोडायचा. मेमध्ये ते आंबे खायला येतात."

"मग मेमध्ये आम्ही कुठे जायचं?"

"फिरायला जा कुठेतरी. कोकणात."

मी हसले आणि फ्लॅट नको म्हटलं. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नव्हते. बाबा पुलांच्या कामावर सुपरवायझर होते. काम हललं की गाव बदलायचं, गाव बदललं की भाड्याची खोली बदलायची. म्हणून आईनेच मला घरी शिकवलं. बाराखडी एका मालकाच्या ओट्यावर, पाढे दुसऱ्याच्या. बाबा गेले तरी आमचं घर बदलणं थांबलं नाही. आता आई साठीची आहे आणि तिला दर मे महिन्यात गाठोडी बांधायला लावायची माझी तयारी नव्हती.

त्याच दिवशी राजापूरची एसटी धरली. लांजामार्गे साधारण दोन तास लागतात. काही ठिकाणी रस्ता छान आणि काही ठिकाणी काम चालू. राजापूर स्टँडवरून वाडीपर्यंत रिक्षा. भाडं आधी ठरवा, परतीचं विचारायला विसरू नका. (वाडीचं नाव मी या वेळी लिहीत नाही. बंद घरांच्या गावाचं नाव आणि वाट असं जाहीर करणं बरोबर नाही. जुन्या लेखातूनही ते काढलं आहे.)

सायलीच्या आई, सुमतीकाकू, वाटच बघत होत्या. "हीच काय ती घरं मोजणारी?" असं म्हणत त्यांनी मला मागच्या दाराने आत घेतलं. चहा झाल्यावर खुंटीवरचा एक जुडगा काढला. शेजारच्या चार घरांच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. संध्याकाळी दिवा लावणं, पावसाआधी कौलं बघून घेणं, सगळं त्याच करतात.

"पण मग ही घरं रिकामीच ना?" मी विचारलं.

"बंद हाय गो, रिकामा न्हाय," काकू म्हणाल्या. "मानसा मुंबयला असली तरी देव हितंच हाय."

घरं मोजायच्या तक्त्यात हे कुठे बसवायचं, मला कळत नाही. शहरातला भाड्याचा फ्लॅट रिकामा पडला की मालकाला दर महिन्याला तोटा जाणवतो, म्हणून तो पाटी लावतो. वाडीतल्या स्वतःच्या घराला पाटी नसते आणि तोटाही दिसत नाही. दोन्हींना एकाच रकान्यात 'रिकामं' लिहिलं, तर एजंटच्या हातातलं घर आणि काकूंच्या खुंटीवरचं घर सारखंच होऊन बसतं. मी तसंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी पालखी आली. वाडीतलं एकही दार बंद नव्हतं. शेजारच्या घरात अण्णा डोंबिवलीहून आले होते, त्यांचे धाकटे भाऊ बाळाकाका विरारहून. बायका ओटी भरत होत्या, ढोल वाजत होता, पालखी खांद्यांवर नाचत अंगणात आली. एरवी काकूंच्या एका दिव्यावर असलेलं ते घर माणसांनी भरून गेलं होतं.

पालखी पुढच्या घराकडे गेल्यावर सगळे पडवीत टेकले. आमची घराची अडचण मी काकूंना आदल्या रात्री सांगितली होती, त्यांनी मला कोपराने ढोसलं. मी धीर करून विचारलं, हे घर मला आणि आईला भाड्याने मिळेल का.

मग अण्णा म्हणाले, "तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता. पण भाडेकरू ठेवला की कूळ लागतं. कूळ लागलं की घर गेलं."

मी म्हटलं, कूळकायदा शेतजमिनीचा. राहत्या घराचा अकरा महिन्यांचा करार वेगळा असतो, त्याची नोंदणी होते. मी वकील नाही, तुम्ही वकिलाला विचारून घ्या. (वाचकांनाही हेच सांगते.)

"विचारू की," बाळाकाका म्हणाले. "पण घर माझ्या एकट्याचं नाही, दादाच्या एकट्याचं नाही. शालूताईचाही वाटा आहे. आम्ही तिघं एकत्र भेटतो ते शिमग्याला आणि गणपतीला. आणि तेव्हा नाचायचं की कागद बघायचे?"

तेव्हा मला समजलं की या घराला भाडेकरू मिळत नव्हता असं नाही. 'हो' म्हणायला लागणारी माणसं एका पडवीत येत नव्हती.

"शालू कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"बदलापूरला. नातवाची परीक्षा."

"मग राहू दे. गणपतीत बघू."

गणपतीपर्यंत आमच्याकडे वेळ नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात सुमतीकाकू खांबाला टेकून म्हणाल्या, "बगा बाबा. सध्या तुमच्या माजघरात वाळवी ऱ्हातेय. भाडा देत न्हाय, करार न्हाय, तिघांना इचारला पण न्हाय. ती चालते तुमाला."

बाळाकाका मोठ्याने हसले. अण्णा हसले नाहीत, पण उठून आत गेले आणि माजघराच्या चौकटीवर बोटाने वाजवून बघितलं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "लाव शालूला फोन."

पडवीच्या खालच्या पायरीवर रेंज येते. शालूआत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलीशी नको, मला तिच्या आईशी बोलू दे." मी आईचा पुण्याचा नंबर दिला आणि त्या दोघी बोलल्या. काय बोलल्या ते आईने सांगितलं नाही, पण खूप वेळ लागला. शेवटी आत्यांचा अण्णांना निरोप आला: माजघर देवाचं, ते गणपती-शिमग्याला आपलं. बाकी घर त्यांचं.

"मग त्या दिवसांत आम्ही कुठे जायचं?" रत्नागिरीतला प्रश्न मी पुन्हा विचारला.

"कुठे म्हणजे?" अण्णा खरंच गोंधळले. "इथेच. मोदक वळायला हात लागतात की."

"आईला झाड लावायचंय," मी म्हटलं. "आजवर कुंडीतच लावलंय."

"लावा," बाळाकाका म्हणाले. "फळ कुणाचं यावर आम्ही पुढची वीस वर्षं भांडू."

परत पुण्यात येऊन मी अजून रात्री दचकून उठते. आईचं औषध राजापुरात मिळेल का, पावसात रेंज टिकेल का, आम्ही अकरा महिन्यांनी पुन्हा उठून जाऊ का. याची उत्तरं माझ्याकडे नाहीत. पण आई सकाळी कुंड्यांतली माती भुसभुशीत करत बसली होती आणि कोणती रोपं बसमधून नेता येतील ते मला विचारत होती. मी तिला इतकी वर्षं घर सोडताना पाहिलंय, घराकडे निघताना पहिल्यांदाच पाहतेय.

वकिलांनी कागद पाहिले आहेत. बाळाकाका आणि शालूआत्यांनी संमती लिहून दिली आहे, आणि अण्णा आंब्याच्या कलमांसाठी गावातच थांबले आहेत. बुधवारी, १ एप्रिलला, मी राजापूरला करारावर सही करणार आहे.