बंबवाल्यांचं रक्त

फेसकाकांना रक्त द्या म्हणून कधी कोणाला विनवावं लागलं नाही. उलट रक्तपेढीतल्या बायकाच त्यांना दारातून परत पाठवायच्या. "अहो काका, मागचं देऊन किती दिवस झाले? घरी जा बघू!" मग हे गृहस्थ रुसून बाकावर बसणार, तिथली फुकटची बिस्किटं मात्र खाणार, आणि उठता उठता म्हणणार, "आमचं बंबवाल्यांचं रक्त आहे बाई, एका रात्रीत भरून येतं." माणूस बढाईखोर खरा, पण बढाई मारण्याजोगं त्यांच्याकडे होतं, म्हणून कोणी मनावर घेत नसे.

उभा जन्म त्यांनी तेलाच्या टाक्यांशेजारच्या अग्निशमन केंद्रात काढला. आता तेलाच्या आगीची गंमत अशी की तिच्यावर पाणी मारलं तर ती विझायची राहते बाजूला, पाण्यावर बसून गावभर हिंडायला निघते. तिला फेसाखाली कोंडून मारावी लागते. त्या फेसाचं औषध पिंपांतून यायचं, दाट आणि पिवळसर. ते पाण्यात किती आणि कसं कालवायचं हे काम फेसकाकांचं, आणि नावही त्यातूनच पडलं. कोपरापर्यंत हात पिंपात घालून ते ढवळत. हातमोजे होते, नाही असं नाही; पण ते साहेब तपासणीला आले की घालायचे असतात हे कोणत्याही बंबवाल्याला विचारा.

दर आठवड्याला केंद्रामागच्या मैदानात मोठ्या लोखंडी परातीत तेल पेटवायचं आणि फेसाने विझवायचं, ही कवायत. विझलं की गुडघाभर फेस उरायचा आणि मग हे मिशा पिकलेले बाप्ये त्यात लहान पोरांसारखे धुडगूस घालायचे. एकमेकांच्या टकलावर फेसाच्या टोप्या ठेवायचे. पिंपात तळाला उरलेल्या औषधाने बंब धुवायचे, हात धुवायचे, खानावळीतली तेलकट भांडीसुद्धा. संध्याकाळपर्यंत मैदान कोरडं. फेस जमीन पिऊन टाकायची. कुठे गेला, असं कोण विचारतो? दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असाच तर आपला सगळ्यांचा हिशेब. त्याच मैदानाच्या कडेला विहीर होती. गार, गोड पाणी. अख्खं केंद्र तेच प्यायचं, आणि मागच्या गल्ल्याही.

फेसकाकांची लेक लग्न होऊन डोंगरापलीकडच्या शहरात गेली होती. तिला मुलगी झाली. बाहुलीसारखी गोरी, म्हणून सगळे कौतुक करत होते. पण गोरेपणा कसला, पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं. तिचं शरीर स्वतःचं धड रक्त बनवत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागेल, आणि ते जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा लेकीने फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, या."

बाबा गेले, आणि एकटे गेले नाहीत. पोरीचा रक्तगट जरा दुर्मीळ, पण केंद्रात त्या गटाचे पाच-सहा जण निघाले. फेसकाका स्वतः, बंबाचा ड्रायव्हर, आणखी काही. त्यांनी आपसात पाळी लावून घेतली. ज्याची पाळी असेल त्याने सुट्टी काढायची, डोंगर ओलांडून जायचं, रक्त द्यायचं आणि पोरीला काहीतरी खेळणं देऊन परत यायचं. ही पाळी वर्षानुवर्षं चुकली नाही. कोणी आजारी पडला तर दुसरा जायचा. ड्रायव्हर तर आपल्या मेव्हण्याच्या लग्नातून उठून गेला होता, आणि बायकोचे टोमणे वर्षभर ऐकत होता.

रक्तपेढीवाले म्हणायचे, "काका, एवढी धावपळ कशाला? आमच्याकडे दाते येतात, त्यांचंही रक्त तपासलेलंच असतं." पण फेसकाका कुठले ऐकायला! "कोण कुठला, काय खातो, काय पितो, कोणाला माहीत? माझ्या नातीच्या अंगात परक्याचं रक्त जाणार नाही. माझी माणसं निर्व्यसनी आहेत, रोज धावतात, विहिरीचं ताजं पाणी पितात." हळूहळू पेढीने त्या पोरीसाठी बाहेरचे दाते बघणं सोडून दिलं. बंबवाले आहेत ना, मग झालं तर.

फेसकाका निवृत्त झाले त्याच वर्षी एके सकाळी विहिरीवर फळी ठोकली गेली. पाणी पिऊ नये. दारात टँकर उभा राहिला, आणि त्यामागून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. केंद्रातल्या नव्या-जुन्या सगळ्यांचं रक्त नेलं आणि महिन्याभराने निकाल सांगायला खानावळीत सगळ्यांना बसवलं.

"फेसाच्या औषधात एक रसायन असतं," त्या म्हणाल्या. "ते कुजत नाही, विरत नाही. जमिनीत मुरलं ते विहिरीत आलं, आणि तिथून तुमच्यात. एकदा आत शिरलं की रक्तात ठाण मांडून बसतं. निम्मं बाहेर पडायलासुद्धा काही वर्षं जातात."

"पण आमची खानावळवाली पाणी उकळायची की हो," कोणीतरी म्हणालं.

"उकळून पाणी आटतं. हे आटत नाही."

खानावळवाली कोपऱ्यात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"त्याने होतं काय?" ड्रायव्हरने विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. यकृत, मूत्रपिंडं, गळ्यातली ग्रंथी, काही प्रकारचे कर्करोग. लहान मुलांत लस नीट लागू पडत नाही. कोणाला होईल, कोणाला नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. मग एकेकाचा आकडा सांगितला. सगळ्यांचे चढे, पण त्यात एक नवल निघालं. जो माणूस कोपरापर्यंत पिंपात असायचा, त्याचा आकडा सर्वांत कमी, आणि त्याच्या खालोखाल पाळीवाल्यांचे.

"काका, तुम्ही खरंच औषध कालवायचात की नुसतं सोंग करायचात?" ड्रायव्हर म्हणाला, आणि त्या सुतकी खोलीत पहिल्यांदा हशा पिकला.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "तुम्ही रक्तदान करता का?"

फेसकाकांची छाती फुगली. "करतो का? तरुणपणापासून! एकदा चुकवलं नाही."

"मग बरोबर. रक्ताबरोबर तेही थोडं थोडं बाहेर जातं."

झालं! खोलीत एकच गलका. औषध सापडलं! ते फुकट, वर बिस्किटं मिळणार! फेसकाकांच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्यांना ठसका लागला. पुण्य कधी वाया जात नाही, हे ते दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले. बाई काहीतरी बोलू बघत होत्या, "अहो, थांबा, आधी माझं ऐका". पण त्या गोंगाटात त्यांचं कोण ऐकतो.

पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हरचा डोंगरापलीकडून फोन आला. "दिलं बरं का काका! पोरीच्या नावाने पिशवी जमा. पाळी माझी नव्हती, पण म्हटलं एका दगडात दोन पक्षी. माझ्यातलं विष कमी, आणि पोरीची सोय."

"शाब्बास रे पठ्ठ्या," फेसकाका म्हणाले.

फोन ठेवला. ते होते तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर, खाली बसले. ड्रायव्हरमधलं विष कमी झालं म्हणजे ते गेलं कुठे? आपल्यातलं इतकी वर्षं कमी होत होतं, ते कुठे जात होतं? साधा प्रश्न. शाळेतल्या पोरालाही पडेल असा. त्यांना तो आज पडला होता.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "मला त्या दिवशी हेच सांगायचं होतं. घाबरू नका, आधी मुलीचं रक्त तपासू." लेकीला फेसकाकांनी निम्मंच सांगितलं, आमच्या तपासणीत घरच्यांचंही घेतात म्हणून. तिने काही न विचारता पोरीच्या रक्ताची नळी पाठवून दिली. आता खरं तर त्याच दिवशी पेढीला कळवायचं, दुसरे दाते शोधा म्हणून सांगायचं. पण माणसाचं मन मोठं चावट. निकाल येऊ दे, मग बघू. कशाला उगाच लेकीच्या जिवाला घोर? जिवाला घोर लेकीच्या की स्वतःच्या, हे त्यांनाही कळत होतं. ते गप्प बसले. जेवण तुटलं, झोप तुटली, तरी गप्पच बसले.

निकाल आला तो पोरीला रक्त चढवायच्या दिवशीच सकाळी. ती विहिरीच्या वाऱ्यालाही कधी उभी राहिली नव्हती. तिच्या शहरात डोंगरातल्या तळ्याचं पाणी, तेही बाईंनी तपासलं होतं, स्वच्छ होतं. आणि तिचा आकडा बंबावर निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाइतका होता.

मिळेल ती बस धरून ते पोचले तेव्हा लेक दवाखान्याच्या बोळात खिडकीशी उभी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघून सांगितलं.

तिने खिडकीचं दार लोटलं. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, बाबा? परक्याचं नको म्हणून? मी म्हणत होते, ते लोक म्हणत होते, पेढीत आहे, घेऊ या. तुम्ही कोणाचं ऐकलंत?"

"नाही ऐकलं."

"आणि गेले दोन-तीन आठवडे माहीत होतं तुम्हाला."

"शंका होती."

"शंका!" तिने एवढंच म्हटलं. फेसकाकांना वाटलं, हिने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दार उघडून परिचारिका बाहेर आली. पोरीचं रक्त फार उतरलं आहे, लवकर सुरू करायला हवं, म्हणाली. लेकीने विचारलं, दुसरं आहे का, बाहेरच्या दात्याचं? परिचारिका बुचकळ्यात पडली. या गटाचं आमच्याकडे ठेवत नाही, तुमची माणसं देतात म्हणून. तरी तिने पेढीला फोन लावला. मागवता येईल, पण उद्या संध्याकाळ तरी होईल, कदाचित परवा. आणि पोरगी परवापर्यंत थांबवण्यासारखी नव्हती. श्वास घेताना तिचे खांदे उचलले जात होते. "पिशवी तयार आहे," परिचारिका म्हणाली. "लावू ना?"

लेकीने बापाकडे पाहिलं. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

फेसकाकांनी आतल्या पोरीकडे पाहिलं. आगीत शिरणं याहून सोपं होतं. तिथे पुढे आग असते आणि मागे दार असतं, एवढं तरी माहीत असतं.

"लावा," ते म्हणाले.

नात पांढऱ्या चादरीवर पांढरी पडून होती. पिशवीवर गट आणि ड्रायव्हरने रक्त दिल्याची तारीख होती. आजोबांना बघून ती हसली आणि कोणी सांगण्याआधीच तिने आपला बारकासा हात लांब केला. फेसकाकांनी तो धरला. त्यांची पकड जरा जास्तच घट्ट झाली.

"आजोबा, घाबरू नका," ती म्हणाली. "अजिबात दुखत नाही."

लेक दारातच उभी राहिली, आत आली नाही. नळीतून पहिला लाल थेंब सुटला, मग दुसरा. फेसकाका स्टुलावर बसून राहिले. तासाभराने पोरीच्या ओठांवर रंग आला, गालांवर आला, ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली.