डाव्या सीटवरचे दाजी

उभ्या सातारा-सांगली मुलखात सगळ्यात वेगवान गाडी सगळ्यात सावकाश नेणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. ‘होऊन गेला’ असं लिहिताना अजून हात अडखळतो, पण ते असो. आमचे दाजी मूळचे कुंडलचे. फौजेत बावीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, तोही डोंगरात, ताफ्यामध्ये, पुढच्या ट्रकपासून ठरलेलं अंतर राखून. बावीस वर्षांत त्यांनी एकाही गाडीला ओव्हरटेक केलं नाही. निवृत्त होऊन सांगलीत घर बांधलं तरी सवय तीच. रस्त्यानं चालतानासुद्धा पुढच्या माणसापासून मोजून पाच पावलं मागे. पुढचा चप्पल झटकायला थांबला की हेही थांबणार. अक्का वैतागून म्हणायची, ‘आवं, पाय उचला की जरा, एस्टी सुटतीया!’ त्यावर दाजी शांतपणे म्हणायचे, ‘सुटू दे. मागनं दुसरी येती.’ लग्नं, बारशी, सगळीकडे आम्ही त्या दुसऱ्या एस्टीनंच पोचलो.

अशा माणसानं स्पोर्ट्स कार भाड्यानं द्यायचा धंदा काढावा, याला काय म्हणायचं? मी तर पहिल्या दिवसापासून कपाळाला हात लावून बसलो होतो. अक्काला घरावर एक मजला चढवायचा होता. मजला राहिला बाजूला, दारात गुडघ्याएवढी तांबडीभडक गाडी येऊन बसली. दोनच सीटची, पोट जमिनीला टेकलेली, पुण्याहून वापरलेली घेतलेली. ‘पुण्या-मुंबईची पोरं भाड्यानं घेऊन हौस करत्यात,’ दाजी म्हणाले, ‘सांगलीच्या पोरांनी काय घोडं मारलंय?’ फाटकाशेजारच्या भिंतीवर पाटी लागली : ‘शिस्त स्पोर्ट्स कार. भाड्याने मिळेल.’ त्या पाटीकडे ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन, मान कलती करून बघायचे. पुढल्या वर्षी साताऱ्याला शाखा काढायची आणि मला तिथं मॅनेजर नेमायचं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमानं गाडी हाकलेल्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं सुचलं होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

उद्घाटनाला मी साताऱ्याहून गेलो. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोट घासून अडकली. आम्ही सहा जणांनी ती उचलून पलीकडे ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दाजी हातात टेप घेऊन गावातले गतिरोधक मोजत फिरू लागले. कुठला तिरका घेतला तर निघतो, कुठल्याचा नादच करायचा नाही, हे त्यांनी एका कागदावर नकाशा काढून मांडलं. शेवटी असं निष्पन्न झालं, की घरापासून गाडी बाहेर पडायला एकच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर मंगळवारी बाजार भरतो. म्हणून पाटीखाली आणखी एक ओळ आली : ‘मंगळवारी सुट्टी’.

तरीही गिऱ्हाईक यायचं. आमच्याकडची माणसं गाडी बघायला घरदार घेऊन येतात. म्हसवडहून एक कुटुंब मुलाच्या लग्नासाठी गाडी ठरवायला आलं, तेच मुळी नऊ जण. मुलाच्या आत्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, ‘बाकीच्यांनी कुठं बसायचं?’ दाजींनी समजूत घातली, की ही दोघांचीच गाडी आहे, नवरदेव चालवणार. आत्या म्हणाली, ‘आन शेजारी नवरी, व्हय?’ दाजी म्हणाले, ‘न्हाई. शेजारी मी.’

हा त्यांचा नियम होता. को-ड्रायव्हरशिवाय फौजेची गाडी हलत नाही, म्हणून दाजींचीही हलायची नाही, आणि को-ड्रायव्हर दुसरातिसरा कुणी चालायचा नाही, ते स्वतःच हवेत. त्या लग्नाला मी मुद्दाम गेलो होतो. वरातीत पुढे बँड, त्याच्यामागे तांबडी गाडी, गाडीत घामाघूम नवरदेव, त्याच्या डाव्या हाताला फेटा बांधून ताठ बसलेले दाजी, आणि नवरी पाहुण्यांच्या टेम्पोत. फोटोवाला ओरडत होता, ‘काका, वाका जरा! आणखी खाली!’ दाजी वाकले, पण उतरले नाहीत. बँड मुंगीच्या पावलानं चालला होता, तरी प्रत्येक कोपऱ्यावर ते खिडकीतून मान बाहेर काढून बघायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, ‘डावीकडं मोकळं हाय! चल!’ त्या अल्बमच्या पहिल्या पानावर आजही नवरदेव आणि आमचे दाजी आहेत. नवरी तिसऱ्या पानावर येते.

हळूहळू लोक टाळू लागले. कॉलेजच्या पोरांना गाडी पळवायची असायची, आणि दाजी काटा पन्नासावर गेला की ‘ताफा सोडू नगंस’ म्हणून गुडघ्यावर हात ठेवायचे. एका मुलाला होणाऱ्या बायकोबरोबर कासला जायचं होतं. बिचारा लाजत लाजत आला होता. दाजींनी फार मायेनं तोडगा काढला, ‘तिला एस्टीनं येऊ दे गड्या, आपन दोघं वर तिची वाट बघू.’ तो मुलगा पुन्हा दिसला नाही. पुढे पुढे आठवडे नुसते जायचे. दाजी रोज सकाळी गाडी पुसायचे, डाव्या सीटवर तासभर बसायचे आणि चहाला आत यायचे. अक्का मला फोनवर म्हणायची, ‘ह्यांचं तोंड बघवत न्हाई रं.’

शेवटी माझंच डोकं फिरलं. मी तडक सांगली गाठली आणि अंगणात उभा राहून बोललो, ‘आवं दाजी, दोन सीटची गाडी, त्यातली एक तुमी अडवून बसलाय! कोन येनार तुमच्याकडं? धंदा पायजे का ती सीट, एक काय ते ठरवा!’ मेहुण्यानं दाजींशी असं बोलू नये, पण बोललो खरा. ते फडकं घडी घालत होते. घडी पुरी करून म्हणाले, ‘ठरवतो, पाव्हणं.’ मला वाटलं, आला माणूस वाटेवर. आठ दिवसांनी अक्काचा फोन आला, गाडी विकली.

ती घ्यायला पुण्याहून एक तरुण एकटाच एस्टीनं आला होता. पुढचं अक्कानं सांगितलं ते असं : दाजींनी चावी हातात धरून विचारलं, ‘संगं कोन हाय?’ तो म्हणाला, ‘कुणी नाही काका, एकटाच जाणार.’ दाजी आत गेले, पिशवीत एक शर्ट टाकला, पायात चपला घातल्या आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. दुपारी माझ्या साताऱ्याच्या घराच्या गल्लीत ती तांबडी गाडी शिरली. दाजी उतरले. पुण्यापर्यंत न्यायला तो तरुण काही तयार झाला नाही, आणि वाटेत यांच्या ओळखीचं शेवटचं घर माझंच. काचेतून वाकून त्यांनी त्याला घाटाबद्दल दहा सूचना दिल्या आणि पोचल्यावर फोन करायला सांगितलं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथंच उभे होते.

मग ते आत येऊन फोन मांडीवर ठेवून बसले. बायकोनं ताट वाढलं. ते हात लावीनात. भाकरी वाळली, आमटीवर साय धरली. मी चिडलो. म्हटलं, ‘विकलीसा न्हवं गाडी? आता त्याचं तो बघंल की! तुमी जेवा.’

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनकडे बघत म्हणाले, ‘मेढ्याचा एक पोरगा हुता माझ्या ट्रकवर. आळीपाळीनं चालवायचो आमी. डोंगरात उजवीकडं बसनाऱ्याला डावी कड दिसत न्हाई, पाव्हणं. दुसऱ्यानं बघून सांगायचं, मोकळं हाय म्हनून. एक दिस मला ताप भरला. त्यो म्हनला, तू झोप गड्या, चौदाच किलोमीटर हाय, मी एकटा जातो.’ मांडीवरचा फोन त्यांनी सरळ केला. मग म्हणाले, ‘मी म्हनलं, जा.’

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. इतके दिवस आम्ही त्या ‘डावीकडं मोकळं हाय’ची घरात नक्कल करत आलो होतो. मुलं करायची, मी करायचो, अक्कासुद्धा हसायची. तिलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसलो. दिवेलागणीच्या आधी फोन वाजला. ‘पोचलो काका,’ पलीकडून आवाज आला. दाजी म्हणाले, ‘बरं झालं बाबा,’ आणि गार झालेलं ताट पुढे ओढून सगळं जेवले.

पाटी काढली, पण तिची जागा भिंतीवर पांढरी राहिली. दाजी आणखी दोन वर्षं होते. मजला चढला नाहीच. यंदाच्या थंडीत मिरजेच्या दवाखान्यात ते गेले, कुणाला फारसा त्रास न देता, आपला नंबर आला तसे. कुंडलला न्यायचं होतं. दवाखान्याच्या गाडीत मागे अक्का आणि घरची माणसं त्यांच्याभोवती बसली. मीही चढणार, तेवढ्यात पुढे पाहिलं. ड्रायव्हर एकटाच होता. शेजारच्या सीटवर त्याचा टॉवेल आणि पाण्याची बाटली.

मी पुढे गेलो आणि ती बाटली उचलली. ड्रायव्हर म्हणाला, ‘आवं, मागं बसा की. घरची मानसं मागंच बसत्यात.’ मी म्हटलं, ‘असू दे. मी हितं बसतो.’

पलूसच्या पुढे एका वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली आणि त्यानं गाडी हळू केली. मी काच खाली घेतली, मान बाहेर काढून कडेपर्यंत नीट बघितलं.

‘डावीकडं मोकळं हाय,’ मी म्हणालो. ‘चल.’

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश गाडी वळवली. कुंडल येईपर्यंत प्रत्येक वळणाला मी त्याला सांगत होतो.