चंदरचा सत्कार

रंगनाथरावांनी चंदरचे पैसे सत्कार करून बुडवले. ही तऱ्हा मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

चंदर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. घमेली वाहायला नाशिकला आला, हळूहळू हातात थापी धरली आणि पुढे पाड्यावरची दहा-बारा माणसं आणून स्वतःच छोटी कामं अंगावर घेऊ लागला. लायसन नाही, करारपत्र नाही, सगळा व्यवहार तोंडी. भांडवल एकच, पाड्याचा विश्वास. मजुरीला उशीर झाला तरी चंदर बुडवणार नाही, म्हणून माणसं थांबायची. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कितीतरी घरांवरचे मजले त्यानेच चढवले. स्वस्तात करतो म्हणून आम्हीच त्याला एकमेकांकडे पाठवायचो.

रंगनाथराव माझे शेजारी, सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलाच्या, महेशच्या लग्नाआधी त्यांना वरचा मजला हवा होता. काम चालू होतं तोवर 'चंदरभाऊ, चहा घ्या.' स्लॅब पडला आणि पैसे अडले. मजुरांची निम्मी मजुरी थकली. उरलेलं वास्तुशांतीला देतो, असा शब्द मिळाला.

वास्तुशांतीला बोलावलं खरंच. पाहुण्यांसमोर टॉवेल-टोपी, नारळ, वर शाल. चंदर वाकून पाया पडला, फोटो निघाले. मान घेताना पैशाची गोष्ट काढायची नसते, हे त्याला घरून शिकवलेलं. रंगनाथरावांना तेही पक्कं माहीत होतं.

आठवड्याने तो बाकी मागायला आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. रंगनाथरावांनी मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. हिशेब बाकी असलेला माणूस असा हसत सत्कार घेतो का, म्हणाले. मग शांतपणे विचारलं, "तुझं लायसन दाखव बरं."

स्लॅब टाकताना या गृहस्थांना लायसन आठवलं नव्हतं! मी तसं तोंडावर बोललो. त्यांनी मला यात न पडण्याचा सल्ला दिला. पोलिसांनी कागद मागितला, वकिलाने आधी फी. कॉलनीतल्या कुणालाच रंगनाथरावांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

चंदरने मोटरसायकल विकून मजुरांना जमेल तेवढं दिलं.

परवा माझ्या गच्चीच्या कामासाठी त्याला फोन केला. माणसं घेऊन ये म्हटलं, तर म्हणाला, आता कुणी येत नाही. त्याच्याच कामावर येणाऱ्या सख्ख्या मावशीकडे, भिमाबाईकडेही जाऊन आला होता. सत्काराचा फोटो त्यानेच हौसेने पाड्यावर पाठवला होता. तो सगळ्यांनी पाहिला होता.

मावशी त्याला म्हणाली, "शाल पांघरून हसतोस, अन् म्हणतोस सायबानं पैसं नाय दिलं. आमचा रोज तूच खाल्ला, चंदर."

तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला हा. तिचा त्याच्यावर विश्वास उरला नाही, रंगनाथरावांच्या फोटोवर मात्र बसला.