वाकडं मनगट

टायर पॉलिशचा वास आला की मला तो दसरा आठवतो. पूजेसाठी मोठ्या भावाची नवी मोटारसायकल सजवायची होती. दुकानदाराने दोन बाटल्या दाखवल्या. मी जास्त चमकणारी, तेलकट घेतली आणि पोळ्याला बैलाची शिंगं माखावीत तसे अख्खे टायर माखले. पूजेनंतर भावामागे बसून निघालो, तर गिरड गावच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला गाडी घसरली, दोघेही आपटलो. रक्ताळलेल्या गुडघ्याने उठत भावाने माझ्या कानशिलात हाणली. "रस्त्याले टेकते तिथं काऊन लावलं बे, येड्या?" मी दगड उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडलं आणि पुढे वाकडंच जुळलं. अजूनही दर दसऱ्याला तो त्याच वाकड्या हाताने मला फडकं देतो आणि म्हणतो, "फक्त बाजूले लावजो."