दाजींची बाज

"तुझे दाजी गेले," अक्का फोनवर म्हणाली आणि लगेच पुढं, "येताना गाडी हळू चालव." मी सेलूच्या शाळेत दहावीच्या वर्गासमोर उभा होतो. नवरा गेल्याच्या घटकेलाही धाकट्या भावाच्या स्कूटरची काळजी... मी हळूच गेलो. झरीच्या शेतातल्या घरी पोचलो तेव्हा दाजी ओसरीवर सतरंजीवर निजले होते. त्यांची बाज भिंतीला उभी केलेली. सकाळी तिच्यावरून उठता उठताच त्यांनी छातीवर हात ठेवला होता.

ती बाज साधीसुधी नव्हती. खरं तर वन्यजीव दूत होण्याची हौस माझी. प्राण्यांसाठी काम करणारी, गावोगावी असे दूत नेमणारी एक संस्था परभणीत आली, तेव्हा मीच पत्रांवर पत्रं लिहून त्यांना बोलावलं आणि निसर्ग दाखवायला म्हणून दाजींच्या शेतात नेलं. नेमका त्या दिवशी शेजारच्या शिवलिंगअप्पांच्या बिनकठड्याच्या विहिरीत कोल्हा पडलेला. काठावर ही गर्दी! मी तिथंच कोल्ह्याचं निसर्गातलं स्थान या विषयावर बोलू लागलो. खाली तो बिचारा पोहून पोहून दमत चाललेला. दाजी घरी गेले, अंथरूण खाली लोटलं आणि बाज डोक्यावर घेऊन आले. तिच्या चारी पायांना दोर बांधून ती पाण्यावर सोडली. कोल्हा चढला. चौघांनी सावकाश वर ओढून बाज काठाला लावली, दोर बाभळीला बांधले.

"आता समदे पाठ फिरवा," दाजी म्हणाले.

"कामून?" अप्पांनी विचारलं.

"तुमी हिरीत पडला आसता आन् गाव बघायला आसतं, तर लाजला नसता का?"

सगळे वळले. संस्थेचा फोटोवालासुद्धा. मी मात्र शिकलेला माणूस, मान वळवून पाहिलंच. कोल्ह्यानं मला पाहिलं आणि सरळ परत पाण्यात उडी टाकली. दाजी रागावले नाहीत. पुन्हा दोर सोडताना एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी जरा त्या ज्वारीपल्याड जाऊन हुबं राहा."

दूत अर्थातच दाजी झाले. मी महिनाभर कुढलो. संस्थेच्या पत्रकावर त्यांचा एकच फोटो छापला, कोल्हा निघून गेल्यावर विहिरीपलीकडून काढलेला. त्यात विहीर आणि ओळीनं सात पाठी. त्यातली तिसरी दाजींची, हे अक्कानंच ओळखलं. त्यांना भाषण जमत नसे. जिंतूरच्या कार्यक्रमात गळ्यात दूताच्या ओळखपत्राचा पट्टा घालून माइकसमोर उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "हिरीत जनावर पडलं तर बाज सोडा. वर आलं की पाठ फिरवा. बास." टाळ्या पडल्या. माझं अर्ध्या तासाचं भाषण खिशातच राहिलं.

गावात चेष्टा व्हायचीच. अप्पांचा हरभरा रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, खाल्ला, तेव्हा ते चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "दूतसाहेब, तुमच्या रोह्यांना सांगा की, माझ्या वावरात जरा कमी खात जावा."

"सांगितलं, अप्पा. पर ते म्हणले, अप्पाचं बियाणं लय झ्याक हाय."

हसणं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून दाजी रोज पहाटे अप्पांच्या शेताच्या धुऱ्यावर डबा वाजवत फिरू लागले. हरभरा निघेपर्यंत. हे अप्पांनीच मला तेराव्याला सांगितलं, डोळे पुसत.

त्याच तेराव्याला भावकीतले थोरले काका म्हणाले, "गेलेल्या माणसाची बाज घरात ठेवू न्हाई. उद्या दान करून टाका." अक्का नुसती बाजेच्या सुंभावरून हात फिरवत बसली. दाजी दूत झाल्यापासूनच्या चार वर्षांत बाज विहिरीत उतरली की प्रत्येक वेळी तिनंच ती धुऊन उन्हात वाळवली होती. मला वाटलं, आता बोलावं. पण काकांपुढं माझं वक्तृत्व आटलं.

दुसऱ्या दिवशी बाज न्यायला माणूस येणार होता. त्याच्याआधी अप्पा आले, धापा टाकत. "अक्का, बाज हाय का? हिरीत खोकड पडलंय."

"अरे, ती मयताची..." काका उठले.

"माणूस गेलाय, काका. बाज कुठं गेलीय?" अक्का म्हणाली. मग मला, "बघायलास काय? धर एक कोपरा."

विहिरीवर एक दोर अप्पांनी धरला, एक मी, एक त्यांच्या मुलानं. चौथा दाजींचा. तो अक्कानं पदर खोचून हाती घेतला. त्या एवढ्याशा कोल्ह्यासारख्या जिवाचं वजन कितीसं असणार, पण मी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बाज काठाला लागली. दोर बांधून आम्ही वळलो.

माझी मान शिवशिवत होती. समोरची ज्वारी पाहत राहिलो. मागं सुंभ एकदा करकरला... मग काहीच नाही.

"गेलं का रे?" बऱ्याच वेळानं अक्कानं विचारलं.

"मी न्हाई बघितलं."

ती हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

माणूस आला तेव्हा बाज ओली होती. अक्कानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. आता बाज ओसरीवर भिंतीला उभी असते, चारी दोर पायांना बांधलेलेच. अक्का खाली सतरंजीवर निजते. मी गेलो की मलाही बाज मिळत नाही.